बुधवार, दहा वीस

तासमास्तरांना आठवड्यातून एकदाच कुठेतरी जायचं असायचं. बुधवारी, दहा वाजून वीस मिनिटांनी, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. बाकीचे सहा दिवस त्यांना कुठे जायचं नसायचं आणि त्यांच्याकडेही कुणी यायचं नसायचं. म्हणून मंगळवारी दुपारी ते शर्टाला इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवत आणि जाता-येता त्याच्याकडे बघत.

तासमास्तर हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी एका शाळेचं वेळापत्रक केलं, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. सत्तावीस वर्ग, त्रेचाळीस शिक्षक, प्रयोगशाळा एकच, चित्रकलेच्या बाई आठवड्यातून तीनच दिवस येणार आणि गणिताच्या सरांना जेवणानंतरचा तास नको, कारण मुलांच्या आधी त्यांनाच झोप यायची. एवढं सगळं सांभाळून मास्तरांच्या वेळापत्रकात एकतीस वर्षांत एकदाही दोन वर्ग एका खोलीत शिरले नाहीत. भुताचा तास तर कधीच पडला नाही. भुताचा तास म्हणजे शाळा सोडून गेलेल्या शिक्षकाचं नाव चुकून वेळापत्रकात राहतं, मुलं वर्गात बसून राहतात आणि शिकवायला कुणी येतच नाही. इतर शाळांत असले तास पडत असल्याचं मास्तर फार कीव येऊन सांगत.

दवाखान्यात जायचं, तर मास्तरांना काही झालेलं नव्हतं. रक्तदाब होता तो काकूंना, म्हणजे मास्तरांच्या पत्नीला. दर बुधवारी दहा वीसला मास्तर त्यांना घेऊन जात. डॉक्टरीणबाई काकूंच्या दंडाला पट्टा बांधत आणि मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे नापसंतीने बघत बसत, कारण ते सात मिनिटं पुढे होतं. काकू गेल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली. त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी मास्तर सवयीने तयार होऊन दवाखान्यात जाऊन बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच आलो आहोत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बघितलं, पट्टा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचंही बघते काका. बाही वर करा." एकशे अठ्ठावीस, ऐंशी. तेव्हापासून दर बुधवारी एकशे अठ्ठावीस, ऐंशी. त्या दोन मिनिटांत कुणीतरी त्यांचा हात हातात घ्यायचं. आठवड्यात तेवढंच. जीव गेला असता तरी मास्तरांनी ही गोष्ट कुणाजवळ कबूल केली नसती.

अशाच एका बुधवारी दहा वीसचा नंबर बारा वाजून पाच मिनिटांनी लागला. बाहेर तीस माणसं, त्यातली निम्मी उभी. एका तापाने फणफणलेल्या बाळाच्या आधी एक गृहस्थ आत जाऊन कामावरच्या रजेचं सर्टिफिकेट घेऊन आले होते आणि त्यावरून बाहेर बरीच शब्दांची देवघेव झाली होती. डॉक्टरीणबाई पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "काका, मी वेळा देण्यासाठी कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्राम घेतलाय. दिवसाचे कप्पे पाडतो आणि प्रत्येक कप्प्याला दर्जा द्या म्हणतो, एक ते पाच. मला तर श्वास घ्यायला वेळ नाही, आणि रिसेप्शनवरच्या ताई त्या मशीनला हात लावायला तयार नाहीत. तुम्ही शाळेची वेळापत्रकं करायचात ना?"

हे त्या सहज बोलल्या होत्या. पण मास्तर दवाखान्यातून बाहेर पडले ते ताठ मानेने. तसेच ते आलेखाचा कागद, पाच रंगीत पेन्सिली आणि खोडरबर घेऊन घरी गेले, आणि त्या दिवशी जेवायचं त्यांना चार वाजता आठवलं.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे विमावाले भेटले. विमावाल्यांनी आयुष्यभर विमे विकले होते. त्यामुळे समोरच्याला घाबरवून मग धीर द्यायची त्यांना सवय होती.

"दवाखान्याचं काम घेतलंत? मास्तर, माणसांचे जीव आहेत. शाळेत तास चुकला तर पोरं खेळायला जातात. इथे चुकला तर?"

"चुकणार नाही," मास्तर म्हणाले.

"नाहीच चुकणार. तुम्ही आहात म्हटल्यावर मी निश्चिंत आहे. फक्त माझ्या तळपायाच्या कुरुपाचं जरा बघा. दोन महिने झाले, टोचतंय. त्याला दुसरा दर्जा तरी द्या."

रविवारी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात होती आणि तिचा फोन दर रविवारी पाच ते सात मिनिटांचा असे.

"बाबा, जेवता ना वेळेवर?"

"तिसऱ्या दर्जाला मी दहा मिनिटांचे कप्पे ठेवलेत. पुरतील असं वाटतंय."

"कसले कप्पे? बाबा, बरं आहे ना सगळं?"

मास्तरांनी कप्प्यांची रचना सांगायला घेतली. पहिला दर्जा जिवावरच्या दुखण्याला, तो कुणालाही सरकवू शकतो. दुसरा आजच्या आज बघायलाच हवं अशाला: ताप, जखम, उलट्या. तिसरा जुनाट दुखण्याला. एक वर्षाहून जुनी तक्रार असेल तर आठवड्यातला एक कप्पा त्या माणसाच्या नावाने कायमचा, जिवावरचं काही आल्याशिवाय कुणी सरकवायचा नाही. चौथा किरकोळ कामांना. आणि पाचवा ज्यांची काहीच तक्रार नाही त्यांना. सगळ्यांचं झाल्यावर वेळ उरली, तर. तिसऱ्या दर्जापर्यंत मुलगी हं हं करत होती, चौथ्याला तिच्याकडे कुणीतरी दार वाजवलं आणि पाचवा दर्जा मास्तरांनी बंद फोनला सांगितला.

पुढचे तीन आठवडे मास्तर रोज दवाखान्यात जात होते. जुनी वही समोर घेऊन ते एकेक नाव वाचत, आणि रिसेप्शनवरच्या ताई एका बोटाने टंकत. ताई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. मशीनला हात लावायचा नाही हा त्यांचा निश्चय मास्तरांनी पहिल्याच दिवशी मोडून काढला. म्हणजे मास्तर स्वतः टंकायला बसले, त्यांनी पाऊण तासात दोन नावं टंकली आणि तिसऱ्याला सगळं पुसून टाकलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "सरका सर, बघवत नाही मला." दुपारी ताई स्वतःच्या डब्याच्या झाकणात चहा ओतून मास्तरांपुढे सरकवत. मास्तर नको नको म्हणत आणि पिऊन टाकत. बावन्न तक्रारींची यादी मास्तरांनी बाराखडीप्रमाणे लावली आणि प्रत्येकीपुढे दर्जा लिहिला. घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, तेही स्टुलावर चढून स्वहस्ते मागे घेतलं. घड्याळ तेव्हा बंद पडलं ते पडलंच, पण आता निदान दिवसातून दोनदा बरोबर असतं, असं मास्तरांनी ताईंना पटवून द्यायचा प्रयत्न केला.

मग वहीत बुधवारचं पान आलं.

"नऊ चाळीस," मास्तर वाचत होते, "दहा. दहा दहा. दहा वीस..." आणि थांबले. दहा वीसपुढे काकूंचं नाव होतं. दर आठवड्याला नवीन पान, आणि प्रत्येक पानावर ताईंच्याच अक्षरात काकूंचं नाव. दोन वर्षं कुणी काढलंच नव्हतं. मास्तर दर बुधवारी ज्या वेळेला येऊन बसत होते ती वेळ त्यांची नव्हतीच.

ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "राहू दे सर. पुढचं वाचा."

पण ज्या माणसाने एकतीस वर्षांत एकही भुताचा तास पडू दिला नाही, त्याने तो आता पाडायचा? तोही घरचा? मास्तर म्हणाले, "काढा. नियम म्हणजे नियम." ताईंनी नाव काढायला घेतलं तर प्रोग्रामने विचारलं: कारण? खाली तीनच पर्याय होते. बरे झाले, गाव बदलले, इतर. ताईंचं बोट वरच राहिलं. मास्तरांनी तीनही पर्याय दोनदा वाचले, जणू चौथा कुठेतरी दडलेला असणार. मग म्हणाले, "इतर." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही आणि अर्धा तास लवकर घरी गेले.

सोमवारी नवीन वेळापत्रक सुरू झालं. मास्तरांनी पाच रंगांत मोठा तक्ता काढून प्रतीक्षेच्या खोलीत लावला. कुठल्या तक्रारीला कुठला दर्जा, हे माणसांना आधीच कळावं, भांडणं होऊ नयेत, हा त्यांचा निर्मळ हेतू. शाळेत वेळापत्रक फलकावर लावलं की शिक्षक मुकाट्याने उतरवून घ्यायचे. पण शिक्षकांना पगार होता, ही गोष्ट मास्तरांच्या ध्यानात राहिली नाही.

"माझे गुडघे तिसऱ्या दर्जाचे?" एका आजीबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आणि हिचा खोकला दुसऱ्या? काल माझ्यासमोर आइस्क्रीम खात होती ही."

"माझा खोकला तुमच्या गुडघ्यांच्या वाटेला गेलाय का?" शेजारची खोकणारी बाई म्हणाली.

एक वकील चौथ्या दर्जात होते. ही आपल्या संपूर्ण घराण्याची मानहानी आहे आणि हे सगळं लेखी हवं, असं ते म्हणू लागले. तक्ता लेखीच होता, हे मास्तरांनी नम्रपणे दाखवून दिलं. तेव्हा ते आणखी भडकले. विमावाल्यांचं कुरूप चौथ्या दर्जात होतं. त्यांना एका आठवड्यात अकरा वेळा "आपली वेळ सरकली आहे" असा निरोप आला, आणि बाराव्याने त्यांना रविवारी सकाळी बोलावलं. रविवारी दवाखाना बंद असतो हे प्रोग्रामला सांगायचं राहून गेलं होतं. विमावाले लंगडत गेले, कुलपासमोर वीस मिनिटं उभे राहिले आणि लंगडत मास्तरांच्या दारात आले.

"मास्तर, एक विचारतो. शेजारी म्हणून नाही, रोगी म्हणून. कुरूप कशाने पहिल्या दर्जात जातं?"

"जिवावर बेतलं तर."

"बरं," विमावाले म्हणाले, आणि विचारात पडून खाली गेले.

मंगळवारपासून आजूबाजूच्या तमाम लोकांच्या छातीत दुखायला लागलं. तक्त्यात पहिल्या दर्जाच्या रकान्यात सगळ्यात वर "छातीत कळ" असं मास्तरांनीच ठळक अक्षरात लिहिलं होतं. आजीबाईंच्या गुडघ्यातली कळ छातीत चढत होती. वकिलांना बोलताना दुखत होतं, आणि ते थांबत नव्हते. विमावाल्यांची कळ तर तळपायातून निघून पोटरी, मांडी अशी मुक्काम करत थेट छातीत येत होती आणि ते तिचा रस्ता बोटाने दाखवत होते. डॉक्टरीणबाईंनी एका दिवसात एकोणीस जणांच्या छातीला तारा लावल्या. एकोणीसही छात्या ठणठणीत निघाल्या. आणि सगळेच पहिल्या दर्जात गेल्यामुळे जो आधी आला तो आधी आत गेला, म्हणजे तीन आठवड्यांच्या खटाटोपानंतर दवाखाना जिथे होता तिथेच आला, फक्त घड्याळ बंद.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं. मास्तर मुख्याध्यापकांपुढे उभं राहावं तसे उभे राहिले.

"काका, बसा. वेळापत्रक छान आहे तुमचं. खरंच सांगते. फक्त तो तक्ता भिंतीवरून काढू या? यादी ताईंकडे राहू दे. त्या विचारतील, माणूस सांगेल, दर्जा कुणाला दिसायला नको."

"म्हणजे माझं चुकलं."

"तसं नाही हो. दुखणं कितव्या नंबरचं आहे हे लोकांना कळायला नको असतं, एवढंच."

मास्तरांनी तक्ता स्वतःच्या हाताने उतरवला आणि गुंडाळी काखेत मारून घरी नेला. रस्त्यात दोघांनी नमस्कार केला, तो त्यांना कुचेष्टेचा वाटला. खरं तर ते दोघे नेहमीच नमस्कार करणारे होते.

आणि मग, सांगायला हरकत नाही, वेळापत्रक चाललं. तक्ता गेला तशा छात्या बऱ्या झाल्या. तापाची मुलं आधी आत जाऊ लागली, आजीबाईंना गुडघ्यांसाठी सोमवारचा ठरलेला कप्पा मिळाला आणि विमावाल्यांचं कुरूप एका गुरुवारी कापून निघालं. प्रतीक्षेच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. ताई मशीनवर दोन बोटं चालवू लागल्या. मास्तरांना आता कुणी काही विचारेना. एखादं काम इतकं नीट करावं की त्यात आपली गरजच उरू नये, हे शाळेतही झालं होतं. पण तेव्हा घरी जाऊन सांगायला कुणीतरी होतं.

बुधवार आला. तक्रार नसलेला माणूस म्हणून मास्तरांनी स्वतःचं नाव पाचव्या दर्जात टाकून घेतलं होतं, कारण नियम करणाऱ्याने पळवाट काढली तर मग राहिलं काय? सकाळी नऊ वाजता फोन वाजला. फोन वाजला याचाच त्यांना आधी आनंद झाला. "आपली वेळ सरकली आहे." इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर होता. दहा वीसला मास्तर त्याच्यासमोर बसले होते. अकरा वाजता उठून त्यांनी चहा केला, दोन कप झाला, एक ओतून दिला. दुसऱ्या बुधवारी तसंच. तिसऱ्या बुधवारी तर त्यांना घरात फार एकटं वाटलं, इतकं की रेडिओवर कुणीतरी "नमस्कार" म्हणालं तर ते "नमस्कार" म्हणाले.

चौथ्या मंगळवारी मास्तरांनी ठरवलं की आपणही खोटं बोलायचं. सगळं जग बोलतं. आरशासमोर उभे राहून त्यांनी कंबर धरली आणि "आई गं" म्हणून बघितलं. आरशातल्या माणसाकडे बघताच त्यांच्या लक्षात आलं की हा पोरगा परीक्षेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणणाऱ्यांपैकी आहे. अशा पोरांना त्यांनी एकतीस वर्षं एका नजरेत ओळखून वर्गात परत पाठवलं होतं. त्यांनी कंबर सोडली आणि आरशातल्यालाही परत पाठवलं.

बुधवारी मात्र ते गेले. नऊचा निरोप येऊनही गेले. दहा वाजून वीस मिनिटांनी, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात बघून, ताईंच्या समोर उभे राहिले. खोलीत एक आई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. दुसरं कुणी नव्हतं.

"सर, निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला."

"मग? काही होतंय का? तक्रार काय लिहू?"

मास्तरांनी तोंड उघडलं. कंबर म्हणायचं होतं, गुडघा म्हणायचं होतं. यादी त्यांनीच केली होती, बावन्नच्या बावन्न तोंडपाठ होत्या.

"बुधवार जात नाही हो," ते म्हणाले.

ताईंनी वर बघितलं. मग यादी काढली आणि बोट फिरवत खाली गेल्या. "बद्धकोष्ठ. बधिरपणा. बहिरेपणा. त्यानंतर एकदम भाजणं." बोट तिथे थांबलं. "तुमच्या यादीत नाही सर हे."

"नाही. राहून गेलं."

"त्रेपन्नावी घालते. पण दर्जा लागेल." ताईंनी बोटं मशीनवर ठेवली. "कितवा देऊ? तुम्हीच सांगा."

एकतीस वर्षांत असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. जिवावरचं नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मुलाला मांडीवर घेतलेली ती बाई समोर बसली होती. आजच्या आज बघायला हवं असंही नाही. किरकोळ म्हणावं, तर तसं म्हणायला जीभ उचलेना. मास्तरांनी धूसर झालेला चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला.

"किती दिवसांपासून आहे?" ताईंनी विचारलं. आवाज नेहमीचाच, जेवढ्यास तेवढा.

"दोन वर्षं. दोन वर्षं आणि चार महिने."

"मग मला कशाला विचारायला लावता? एक वर्षाच्या वरचं म्हणजे जुनाट. तिसरा दर्जा, आठवड्याला एक ठरलेला कप्पा, दहा मिनिटं. नियम तुमचाच आहे." ताई टंकू लागल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण बुधवार भरलाय सर. दहा वीस त्या मधुमेहवाल्या आजोबांना गेला. गुरुवार आहे, चार चाळीस."

"बुधवार नाहीच?"

"नाही. सरकवू कुणाला?"

"छे छे," मास्तर घाईने म्हणाले. "सरकवायचं नाही. गुरुवार चालेल."

"आणि नाव? कप्पा कुणाच्या नावाने करू?" ताईंनी हे त्यांच्याकडे न बघता विचारलं.

आत डॉक्टरीणबाईंनी घंटा वाजवली आणि ती आई मुलाला घेऊन उठली. मास्तरांनी तिला वाट दिली, दार लागेपर्यंत थांबले.

"माझ्या घाला," ते म्हणाले.

ताईंनी दोन बोटांनी त्यांचं नाव टंकलं, सावकाश, एकही चूक न करता. मग डब्याचं झाकण काढलं, चहा ओतला आणि पुढे सरकवला. मास्तर नको म्हणाले नाहीत.

घरी आले तेव्हा बुधवारचे पावणेबारा झाले होते. खुर्चीवर काही टांगलेलं नव्हतं, शर्ट अंगावर होता आणि बसून बसून त्याला चुण्या पडल्या होत्या. मास्तरांनी तो काढला, धुतला, वाळत घातला, दोनदा उलटापालटा केला. वाळला तेव्हा चार वाजले होते. मग त्यांनी इस्त्री तापत ठेवली. उद्या गुरुवार होता.